परत येते तीच खरी प्रत

शहापूर आणि मुरबाड या दोन तालुक्यांतील व्यापार आजही भाताच्या वेळापत्रकाने चालतो. ज्येष्ठ-आषाढात बियाणे, खत, ताडपत्री आणि घरचा किराणा उधारीवर जातो. भात झोडून झाले, हाती पैसा आला की कार्तिक-मार्गशीर्षात येणे वसूल होते. मधल्या चार-पाच महिन्यांत दुकानदार आणि गिऱ्हाईक यांना जोडणारा दुवा म्हणजे लिहून ठेवलेली नोंद. ती हरवली तर दोन्ही पक्षांचे नुकसान ठरलेलेच. एक तर व्यापाऱ्याचे पैसे बुडतात, किंवा ज्याने पैसे चुकते केले आहेत त्याच्याकडे पुन्हा मागणी होते. दुसरी हानी पहिलीपेक्षा मोठी, कारण बुडालेली रक्कम पुढच्या हंगामात भरून निघू शकते. गेलेली पत भरून निघत नाही.

ही नोंद पूर्वी लाल कापडी बांधणीच्या वहीत असे. आता ती फोनमध्ये आहे. या बदलाची एक ठळक तारीख याच परिसरातील आहे. नोटाबंदीनंतर सुमारे तीन आठवड्यांनी, १ डिसेंबर २०१६ रोजी, मुरबाड तालुक्यातील धसई हे राज्यातील पहिले रोकडरहित गाव म्हणून जाहीर झाले. तत्कालीन अर्थमंत्री सुधीर मुनगंटीवार त्या समारंभास उपस्थित होते आणि बँक ऑफ बडोदाने तेथील दुकानदारांना कार्ड स्वीकारणारी यंत्रे दिली होती. पुढे यूपीआयचे चौकोनी चित्र दुकानोदुकानी लागले, उधारीचे खाते फोनवरील अ‍ॅपमध्ये आले, मालाची मागणी व्हॉट्सअ‍ॅपवर होऊ लागली. गल्ला, वही आणि पत्रव्यवहार या तिन्ही गोष्टी एकाच यंत्रात आल्या.

वही भिजली तर दहा पाने जातात. फोन बंद पडला तर सारी पेढीच जाते. पावसाळा या भागाला नवा नाही. शहापुरास भारंगी नदीचा शेजार आहे. जुलै २०२४ च्या पहिल्या आठवड्यातील अतिवृष्टीत तर कल्याण-कसारा मार्गावरील रेल्वे वाहतूकही खोळंबली होती. अशा दिवसांत बंद पडलेला फोन घेऊन दुरुस्तीसाठी शहर गाठावे म्हटले, तरी मुरबाडकरांना रेल्वे नाही आणि शहापूरकरांना आसनगाव स्थानकापर्यंत जावे लागते. म्हणून बॅकअप हा विषय येथील व्यापाऱ्यासाठी कुतूहलाचा नाही, हिशेबाचा आहे.

या संदर्भात 'रूट केलेला फोन' हा शब्द आता घरोघरी ऐकू येतो. कंपनीने जुन्या फोनला नवी सुधारणा देणे थांबवले की घरातील एखादा तरुण तो फोन रूट करून त्यात नवी प्रणाली बसवतो. अँड्रॉइड ही लिनक्सवर उभी असलेली प्रणाली आहे. तिच्यात प्रत्येक अ‍ॅपला स्वतंत्र खोली दिलेली असते आणि एका अ‍ॅपला दुसऱ्याच्या खोलीत डोकावता येत नाही. फोनच्या मालकाजवळही सर्व खोल्यांच्या किल्ल्या नसतात. रूट करणे म्हणजे त्या साऱ्या किल्ल्यांचा जुडगा हस्तगत करणे. जुडगा हाती आला की प्रत्येक अ‍ॅपची माहिती, सेटिंग आणि खुद्द प्रणालीसुद्धा जशीच्या तशी उतरवून ठेवता येते. साध्या फोनमध्ये एवढी संपूर्ण प्रत घेता येत नाही, हे रूटचे खरे आकर्षण.

पण या वाटेवर पहिलीच पायरी निसरडी आहे. रूट करण्यासाठी बहुतेक फोनमध्ये आधी बूटलोडरचे कुलूप उघडावे लागते आणि ते उघडताना फोनमधील सर्व माहिती पुसली जाते. चोराच्या हाती माहिती पडू नये म्हणून ही योजना मुद्दाम केलेली आहे. म्हणजेच संपूर्ण प्रत घेण्याची सोय मिळते ती सर्व पुसले गेल्यानंतर. भरल्या हंगामात, उधारीचे खाते आत असताना फोन रूट करायला देणे म्हणजे जुनी वही पाण्यात सोडून नवी वही बांधायला घेणे होय. आधी अ‍ॅपमधील खाती एक्सेल किंवा पीडीएफमध्ये बाहेर काढावीत, छायाचित्रे व संपर्क संगणकावर उतरवावेत, आणि मगच पुढचे पाऊल टाकावे.

कुलूप उघडल्यावर फोनमध्ये टीडब्ल्यूआरपीसारखी वेगळी रिकव्हरी बसवता येते. फोन सुरू होण्यापूर्वी ती उघडते आणि फोनच्या विभागांची प्रत घेते. बूट, प्रणाली आणि डेटा असे हे विभाग असतात, आणि अशा संपूर्ण प्रतीस जाणकार नँड्रॉइड बॅकअप म्हणतात. येथे दोन गोष्टींत फसगत होते. एक, डेटा विभागाच्या या प्रतीत फोनच्या अंतर्गत साठ्यातील छायाचित्रे, बिलांचे फोटो आणि डाउनलोड केलेल्या फाइल्स येत नाहीत. त्या वेगळ्या उतरवाव्या लागतात. दोन, कार्ड किंवा पेनड्राइव्ह निवडला नाही तर प्रत बहुधा त्याच फोनच्या अंतर्गत साठ्यात जाऊन बसते. डेटा विभाग फॉरमॅट केला की मूळही जाते आणि प्रतही जाते. तिजोरीची दुसरी किल्ली तिजोरीतच ठेवण्याचा हा प्रकार आहे. प्रत पेनड्राइव्हवर किंवा संगणकावर हलवल्यावाचून ती घेतली असे समजू नये.

नव्या फोनांत आणखी एक अडचण आहे. अँड्रॉइड १० पासून बाजारात आलेल्या फोनांत प्रत्येक फाइल कूटबद्ध असते आणि विभागांची रचनाही बदलली आहे. त्यामुळे रिकव्हरीला डेटा उलगडता आला नाही तर प्रत घेता येत नाही, आणि घेतलेली प्रत परत बसेलच याचीही शाश्वती नाही. जुन्या फोनवर सहज जमलेली गोष्ट नव्यावर जमेल, असे गृहीत धरून चालत नाही. प्रत घेण्यापूर्वी पडद्याचा पिन व बोटाचा ठसा काढून टाकावा, हा अनुभवी लोकांचा सल्ला याच कारणास्तव आहे. नाहीतर परत भरलेला फोन स्वतःच्याच मालकाला ओळखत नाही.

दुसरा मार्ग अ‍ॅपनिहाय बॅकअपचा. पूर्वी टायटॅनियम बॅकअप प्रसिद्ध होते; आता स्विफ्ट बॅकअप आणि निओ बॅकअप ही नावे अधिक ऐकू येतात. रूट असलेल्या फोनवर ती प्रत्येक अ‍ॅप आणि त्याची माहिती स्वतंत्रपणे उतरवतात व हवी तेवढीच परत भरतात. प्रणालीची आवृत्ती बदलली तरी हा मार्ग बराच उपयोगी पडतो. मात्र प्रणालीची स्वतःची माहिती एका आवृत्तीतून दुसऱ्या आवृत्तीत भरू नये. तसे केल्यास फोन कंपनीचे चिन्ह दाखवत फिरत राहतो आणि सुरूच होत नाही.

येथे बँकिंग आणि यूपीआयचा प्रश्न वेगळा काढला पाहिजे. या अ‍ॅपच्या गुप्त किल्ल्या बहुधा फोनच्या यंत्रभागात बंदिस्त असतात. माहितीची प्रत निघाली तरी किल्ली बाहेर येत नाही. यूपीआयची नोंदणी तर सिमकार्डावरून गेलेल्या संदेशाने त्या विशिष्ट फोनशी बांधली जाते. त्यामुळे यूपीआय अ‍ॅप रिस्टोअर करण्याचा खटाटोप व्यर्थ आहे; त्याची पुन्हा नोंदणीच करावी लागते. त्यात नुकसान काहीच नाही, कारण पैशांची खरी नोंद बँकेच्या पुस्तकात असते. उलट बँकांची अनेक अ‍ॅप रूट केलेला फोन ओळखतात आणि चालण्यास नकार देतात. हा नकार चुकवण्याच्या युक्त्या सांगणारे पुष्कळ भेटतात. परंतु ज्या फोनवर पेढीचे पैसे येतात, त्या फोनची कुलपे सैल करून बँकेपासून ती गोष्ट लपवणे हा व्यवहार शहाणपणाचा नव्हे.

आणखी एका विभागाविषयी सावध असावे. फोनचा आयएमईआय क्रमांक आणि नेटवर्कची माहिती एका स्वतंत्र विभागात असते. अनेक फोनांत त्यास ईएफएस म्हणतात. तो बिघडला तर सिम घालूनही फोनला नेटवर्क मिळत नाही. रूट केल्यावर त्याची प्रत एकदाच घेऊन जपून ठेवावी आणि गरज पडली तर त्याच फोनमध्ये भरावी. दुसऱ्या फोनमध्ये ती भरणे म्हणजे ओळख क्रमांकाशी छेडछाड, आणि ती कायद्याने गुन्हा ठरते.

व्हॉट्सअ‍ॅपची गोष्ट निराळी. रोजची स्थानिक प्रत फोनमध्ये कूटबद्ध स्वरूपात तयार होते, आणि अशा अलीकडच्या दिवसांच्याच प्रती शिल्लक राहतात. त्या उलगडायच्या तर तोच मोबाइल क्रमांक हाताशी हवा. गूगल खात्यावरील प्रतीला पासवर्डचे संरक्षण देण्याची सोय २०२१ च्या ऑक्टोबरात आली. ती उत्तम आहे, पण तो पासवर्ड हरवला तर कंपनीसही प्रत उघडून देता येत नाही. पासवर्ड घरातील दोन विश्वासू माणसांना ठाऊक असावा आणि कागदावर लिहून तिजोरीत असावा.

एवढे सारे केल्यावरही एक प्रश्न उरतो: ही प्रत परत येते का? येथे बँकांची जुनी शिस्त मार्गदर्शक ठरते. डॉ. सी. रंगराजन यांच्या अध्यक्षतेखालील समितीच्या १९८४ च्या अहवालानंतर शाखांत संगणक येऊ लागले, तेव्हा दिवसअखेरीस बॅकअप घेण्याची रीत पडली. त्या रीतीची तीन अंगे होती: प्रत रोज घ्यायची, एक प्रत इमारतीबाहेर ठेवायची, आणि ठरावीक काळाने ती दुसऱ्या यंत्रावर भरून शिल्लक जुळते का ते पाहायचे. पहिली दोन अंगे लोक पाळतात, तिसरे विसरतात. कीर्दीवरून खतावणी झाली म्हणजे हिशेब पुरा झाला असे कोणताही दिवाणजी मानत नसे. तेरीज जमली की मगच तो निश्चिंत होई. बॅकअपची तेरीज म्हणजे रिस्टोअर. जी प्रत एकदाही परत भरून पाहिलेली नाही, ती प्रत नव्हे, ती केवळ आशा आहे.

कायद्यानेही हीच अपेक्षा शब्दांत मांडली आहे. केंद्रीय वस्तू व सेवाकर नियम, २०१७ मधील नियम ५७ सांगतो की इलेक्ट्रॉनिक स्वरूपात ठेवलेल्या नोंदींचा योग्य बॅकअप असावा, आणि अपघाताने किंवा नैसर्गिक कारणाने नोंदी नष्ट झाल्यास वाजवी काळात माहिती पुन्हा उभी करता यावी. त्याच कायद्याच्या कलम ३६ नुसार हिशेब व कागदपत्रे त्या वर्षाचे वार्षिक विवरणपत्र भरण्याच्या नियत तारखेपासून ७२ महिने जपावी लागतात. सहा वर्षांत एक फोन क्वचितच टिकतो. म्हणजे कायद्याला अपेक्षित असलेली नोंद दोन-तीन फोन ओलांडून जिवंत राहिली पाहिजे. 'फोन बिघडला' हे कारण नोटिशीच्या उत्तरात फार काळ टिकणार नाही.

मग व्यापारी कुटुंबाने करावे काय? ज्या फोनवर पैसे येतात आणि बँकेचे अ‍ॅप आहे, तो फोन रूट करू नये. त्यात गूगलचा बॅकअप सुरू ठेवावा, मात्र त्यावर विसंबून राहू नये. त्यात एका अ‍ॅपच्या माहितीसाठी २५ एमबीची मर्यादा आहे, अ‍ॅप बनवणारा ही सोय नाकारूही शकतो, आणि फोन बराच काळ न वापरल्यास ती प्रत पुसली जाऊ शकते. म्हणून उधारीची खाती महिन्यातून एकदा फाइल काढून संगणकावर ठेवावीत. टॅलीचा बॅकअप रोज घ्यावा आणि तपासताना तो नेहमीच्या फोल्डरवर न भरता वेगळ्या फोल्डरमध्ये भरावा, अन्यथा जुनी माहिती नवीवर चढण्याचा धोका असतो.

घरातील तरुणांना रूटचा अभ्यास करायचा असेल तर जुना, बाजूला पडलेला फोन त्यांच्या हाती खुशाल द्यावा. ते ज्ञान टाकाऊ नाही. बॅकअप म्हणजे नक्की काय, हे त्या फोनवर जितके कळते तितके अन्यत्र कळत नाही. फक्त एक पथ्य पाळावे. रूट केलेल्या फोनवरून घेतलेली प्रत पासवर्डाविना ठेवली तर ती ज्याच्या हाती पडेल त्यास वाचता येऊ शकते. तीत केवळ पेढीचा हिशेब नसतो. कोणत्या पाड्यावरील कोणत्या घराचे किती देणे आहे, हेही असते. गिऱ्हाइकाने ते विश्वासाने सांगितलेले असते. म्हणून प्रतीला पासवर्ड असावा, पेनड्राइव्ह कुलपात असावा आणि त्याची दुसरी प्रत दुकानात नव्हे, घरी असावी.

तपासणीची रीत साधी आहे. महिन्यातील एक ठरलेला दिवस घ्यावा. त्या दिवशी दुसऱ्या फोनवर किंवा संगणकावर शेवटची प्रत उघडावी, कोणतीही पाच खाती काढावीत आणि त्यांची बाकी चालू फोनमधील बाकीशी ताडून पाहावी. जुळली तर वहीत तारीख घालून सही करावी. न जुळल्यास त्याच दिवशी नवी प्रत घ्यावी. अर्ध्या तासाचे हे काम आहे, आणि ते मृग नक्षत्र निघण्यापूर्वी एकदा तरी झालेले असावे.