नुसते आकडे उतरवणं म्हणजे मोजणी नव्हे

वनहक्काच्या प्लॉटवर जीपीएस घेऊन फिरणाऱ्याने अक्षांश-रेखांश वहीत उतरवले आणि त्या क्षणी रिसीव्हरला उपग्रहावरून येणारी चुकांची दुरुस्ती मिळत होती की नाही हे लिहिलं नाही, तर त्याची मोजणी मी मोजणी मानत नाही. अशाच आकड्यांवर लोकांच्या जमिनी ठरल्या. क्षेत्र कमी का भरलं, असं विचारणाऱ्या दावेदाराला उत्तर मिळतं, 'मशीनने दाखवलं तेच लिहिलं.' मशीनने त्याच पडद्यावर आणखीही काही दाखवलेलं असतं. ते वाचायची तसदी कुणी घेत नाही.

एक एकराचा चौरस प्लॉट घ्या. बाजू सुमारे 64 मीटर. एक हद्द 3 मीटर आत सरकली की जवळजवळ 2 गुंठे गेले. सागाच्या दाटीत साधा जीपीएस एवढा सहज चुकतो. ही चूक कमी करायला आपल्याकडे 'गगन' आहे. इस्रो आणि भारतीय विमानतळ प्राधिकरण यांनी ते विमानांसाठी उभारलं. जमिनीवरची संदर्भ केंद्रं चुका टिपतात आणि दुरुस्ती जीसॅट-8, जीसॅट-10, जीसॅट-15 यांच्यावरून खाली येते. अमुक उपग्रहावर विसंबू नका, हा इशाराही तिच्याबरोबरच येतो. वैमानिकासाठी हा इशारा जीवनमरणाचा, आणि आदिवासी शेतकऱ्याच्या मोजणीत त्याला किंमत शून्य!

दुरुस्ती येत नसली की पहिलं कारण ठरलेलं: आभाळ भरलंय. साफ खोटं. या लहरींना ढग अडवत नाहीत. दुसरं कारण, डोंगर आड येतो. हे उपग्रह विषुववृत्तावर स्थिर आहेत आणि महाराष्ट्रातून ते दक्षिणेकडे क्षितिजापासून साधारण 60 अंश वर असतात. अगदी कड्याच्या पायथ्याशी उभे नसाल तर डोंगराचा संबंध येत नाही. आड येतात डोक्यावरच्या फांद्या आणि धरणाऱ्याचं स्वतःचं अंग, कारण तो उत्तरेला तोंड करून यंत्र छातीशी धरतो. निम्म्या तक्रारी वळून उभं राहिल्याने मिटतील.

मग सेटिंग बघा. बॅटरी वाचवायच्या मोडमध्ये अनेक हँडहेल्ड ही दुरुस्ती घेणंच बंद करतात. जुनं सॉफ्टवेअर असेल तर यंत्र 127, 128, 132 हे गगनच्या उपग्रहांचे क्रमांक सोडून अमेरिकेचे आणि युरोपचे उपग्रह शोधत बसतं. विकणाऱ्याने हे सांगायला हवं होतं. आम्हाला शिकवायला आलेल्याने सांगितलं ते एवढंच की दिवा हिरवा झाला की पॉइंट घ्या. असलं प्रशिक्षण देणाऱ्याचे पैसे परत मागितले पाहिजेत.

संध्याकाळचं काम तर बंदच करा. आपल्या अक्षांशांवर सूर्यास्तानंतर आयनांबर खवळतं, मार्च-एप्रिल आणि सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये विशेष. सिग्नल लुकलुकतो, तुटतो, दुरुस्ती शिळी होते. टार्गेट पुरं करायला अंधारात घेतलेले पॉइंट मग कुणाच्या तरी बांधावर येऊन बसतात.

पडद्यावरचं 'अचूकता 3 मीटर' हा यंत्राचा स्वतःचाच अंदाज असतो. पत्र्यावरून किंवा कातळावरून उसळून आलेला सिग्नल त्याला ओळखता येईलच असं नाही. ही फसगत पकडायची एकच रीत आहे: कामाआधी आणि कामानंतर, ठाऊक असलेल्या एकाच खुणेवर उभं राहून दोन्ही नोंदी ताडून बघणं. झाडीत दुरुस्ती तुटतच असेल तर मोकळ्यावर पॉइंट घ्या आणि तिथून टेप लावा. टेप लावायला कमीपणा वाटणाऱ्यांनी हे काम करू नये.

कायदाही यंत्राला शेवटचा शब्द देत नाही. वनहक्क नियमांत 2012 साली झालेली दुरुस्ती स्पष्ट सांगते की उपग्रहचित्रं आणि इतर तंत्रज्ञान बाकीच्या पुराव्यांना पूरक म्हणून वापरता येईल, त्यांची जागा घेणार नाही. तरी दावेदाराच्या तोंडावर छापील नकाशा फेकला जातो आणि गावातल्या म्हाताऱ्यांनी दाखवलेली हद्द कुणी ऐकत नाही.

माझी मागणी साधी आहे. प्रत्येक पॉइंटपुढे वेळ, दुरुस्ती होती की नव्हती, ती कोणत्या उपग्रहाची, आणि त्या दिवशी खुणेवर किती फरक आला, हे लिहा. त्या पानाची प्रत दावेदाराला आणि ग्रामसभेला द्या. ज्या प्लॉटच्या कागदात हे नाही तो पुन्हा मोजा, दिवसाउजेडी, दावेदाराला सोबत घेऊन. आणि तोवर त्या कागदाच्या जोरावर कुणाचंही क्षेत्र कापू नका.