चित्राखालचे नाव कोण लिहितो?

जेम्स वेल्स हा स्कॉटलंडचा चित्रकार. १७९१ साली तो मुंबईत आला, पुढे पुण्यात राहून त्याने सवाई माधवराव आणि नाना फडणवीस यांची चित्रे काढली. तांब्याच्या पत्र्यावर आम्लाने रेषा कोरून ठसे छापण्याची, म्हणजे एचिंगची कला त्याला येत होती. वेरूळची लेणीही त्याने रेखाटली. १७९५ मध्ये तो वारला. त्या रेखाटनांवरून थॉमस डॅनिअलने १८०३ साली लंडनमध्ये चोवीस ठसाचित्रे छापली. नाव दिले, ‘वेरूळच्या डोंगरातील हिंदू लेणी’.

वेरूळच्या ३४ लेण्यांपैकी पहिली १२ बौद्ध आहेत. दहावे लेणे तर चैत्यगृह. स्तूपासमोर बुद्ध धम्म सांगत बसले आहेत, आणि लोक त्याला विश्वकर्मा म्हणतात! ‘सुतार की झोपडी’ हे नाव आजही चालते.

वेल्स-डॅनिअलवर आमचा राग नाही. त्या काळी ब्राह्मी लिपी वाचणारा कोणी उरला नव्हता; जेम्स प्रिन्सेपने ती उलगडली १८३७ मध्ये. त्यांना जे सांगितले गेले ते त्यांनी लिहिले. आमचा सवाल आहे तो आज सगळे ठाऊक असूनही जुनेच नाव चालवणाऱ्यांना.

लांब कशाला, आमच्या साताऱ्यातच पाहा. कराडजवळ जखिणवाडीच्या डोंगरात साठहून अधिक बौद्ध लेणी आहेत. ओळख मात्र डोंगरमाथ्यावरच्या आगाशिव महादेवाच्या नावाने. वाईजवळ लोहाऱ्याच्या लेण्यात स्तूपाचा वरचा भाग फोडला गेला आणि उरलेल्या भागाची पिंड झाली. सांगली जिल्ह्यातल्या वस्त्यांमधली पोरे घेऊन आम्ही आगाशिवला गेलो, तेव्हा सातवीतल्या मुलीने विचारले, “ही पांडवांनी एका रात्रीत कोरली ना?” तिचा काय दोष? घरी, शाळेत, जत्रेत तिने हेच ऐकले.

आणखी एक गोष्ट. पुण्याचा गंगाराम तांबट हा कारागीर वेल्सच्या हाताखाली होता, त्याने स्वतः वेरूळची चित्रे काढली. पण ग्रंथाच्या मुखपृष्ठावर नावे आहेत वेल्स आणि डॅनिअल यांची. लेण्यातून बुद्ध गेला, कागदावरून कारागीर गेला. पुसण्याची रीत एकच.

कुणाची पूजा बंद पाडा, असे आम्ही म्हणत नाही. आमची मागणी साधी आहे: प्रत्येक लेण्यापाशी मराठीत खरा फलक लागला पाहिजे. विहार कोणता, चैत्य कोणता, आत शिलालेख असेल तर त्यात काय लिहिले आहे, हे शाळकरी पोराला वाचता आले पाहिजे.

आणि फलक लागेपर्यंत थांबायचे कशाला? बुद्धपौर्णिमेला खीरदान करतोच. एका रविवारी पोरांना लेण्यात न्या, स्तूपासमोर बसवा, इतिहास सांगा. नाव आपण सांगितले नाही, तर दुसरा कोणीतरी त्याच्या सोयीचे नाव लिहून मोकळा होतो. दोनशे वर्षांपूर्वी झाले ते हेच.

जय भीम!