व्ह्यूज मोजता, मग गीतकाराचं नाव का गाळता?

भिवंडीतल्या मित्रांनो, यूट्यूबवर भीमगीताला लाख व्ह्यूज झाले की आपण केक कापतो, स्टेटस ठेवतो. आनंद जरूर करा. १९२० साली बाबासाहेबांच्या ‘मूकनायक’ची जाहिरात पैसे देऊनही ‘केसरी’ने छापली नव्हती. आज आपलं गाणं कुणाच्या परवानगीवाचून घराघरात पोहोचतं, ही साधी गोष्ट नाही.

पण तुम्हाला व्ह्यूजचा आकडा पाठ आहे, गीतकाराचं नाव पाठ आहे का? वामनदादा कर्डक (१९२२-२००४) यांनी मुंबईत गिरणीत काम केलं, पुढे गावोगाव फिरून बाबासाहेबांचा विचार गाण्यातून पोहोचवला. त्यांचीच गाणी नव्या चालीत येतात. वर गायकाचा मोठा फोटो, खाली चॅनेलचा लोगो, आणि वामनदादांचं नाव मात्र कित्येकदा गायब!

ज्याने राबायचं त्याला श्रेय नाही, ही तर जातिव्यवस्थेचीच रीत. यंत्रमागावर बारा-बारा तास उभं राहणाऱ्या भिवंडीला हे वेगळं सांगायला हवं का? आपण कापड विणतो, शिक्का शेठचा लागतो.

म्हणून पुढचा केक कापण्याआधी गाण्याखाली गीतकाराचं नाव लिहा. कमाई होत असेल तर त्याच्या कुटुंबाचा वाटा द्या. मग खुशाल जल्लोष करा!

जय भीम!