सोयी-सवलतींचा भार कोणाच्या खांद्यावर?

कामगारांच्या सोयी-सवलती परवडत नाहीत म्हणून कंपन्या काम परदेशात पाठवतात, हे अमेरिकेतले गाऱ्हाणे आपण गेली वीस-पंचवीस वर्षे ऐकत आहोत. आपल्याकडे त्याचीच दुसरी बाजू ऐकू येते. तिकडचे काम इकडे आले, पुण्या-मुंबईच्या मुला-मुलींना नोकऱ्या लागल्या, मग तक्रार कशाला? दोन्ही बोलण्यांत काही तथ्य आहे. मात्र दोन्हींत एक प्रश्न सुटून जातो. कामगार आजारी पडला, म्हातारा झाला, कामावरच्या बाईला दिवस गेले, तर तो खर्च कोणी उचलायचा? कारखान्याने देश बदलला म्हणून आजार थांबत नाही. फक्त त्याचे बिल दुसऱ्याच्या हातात पडते. माझ्या मते चर्चा इथून सुरू व्हायला हवी.

अमेरिकेत आरोग्यविमा नोकरीला जोडला गेला तो दुसऱ्या महायुद्धात. १९४२ साली सरकारने वेतनवाढीवर बंधने घातली. माणसे तर हवी होती आणि पगार वाढवता येत नव्हता. तेव्हा कंपन्यांनी विम्याचे आमिष दाखवले. १९५४ च्या करकायद्याने कंपनीने भरलेला विम्याचा हप्ता कामगाराच्या करपात्र उत्पन्नातून वगळला आणि ही सोय पक्की झाली. १९६५ साली वृद्धांसाठी आणि गरिबांसाठी सरकारी योजना आल्या, पण कमावत्या वयाचा मोठा वर्ग मालकाच्याच विम्यावर अवलंबून राहिला. युद्धकाळातली ती तात्पुरती तडजोड आजही चालू आहे.

त्याची किंमत पाहा. २०२४ साली नोकरीतून मिळणाऱ्या कौटुंबिक विम्याचा सरासरी वार्षिक हप्ता साडेपंचवीस हजार डॉलरच्या वर होता. त्यातले सुमारे सहा हजार तीनशे डॉलर कामगार भरतो, बाकीचे मालक. खासगी क्षेत्रात कामगारावर होणाऱ्या दर शंभर डॉलर खर्चात सुमारे तीस डॉलर पगाराबाहेरच्या सोयींचे असतात. यात एक मेख आहे. एकाच कंपनीत विम्याचा हप्ता सहसा पगारावर ठरत नाही, तो माणशी ठरतो. मोठ्या पगाराच्या अभियंत्याच्या बाबतीत तो खर्च खपून जातो, पण फोन घेणाऱ्या किंवा बिले तपासणाऱ्या कारकुनाच्या पगारापुढे तो डोंगराएवढा दिसतो. त्यामुळे आहे त्याच माणसाकडून जादा तास काम करून घेणे, कंत्राटदार नेमणे किंवा ते काम बाहेर देशी पाठवणे मालकाला सोयीचे वाटते.

जनरल मोटर्सचे उदाहरण प्रसिद्ध आहे. २००४ साली ही कंपनी आपले कामगार, निवृत्त कामगार आणि त्यांची कुटुंबे अशा सुमारे अकरा लाख लोकांच्या आरोग्यावर पाच अब्ज डॉलरहून अधिक खर्च करत होती. तिथे बनणाऱ्या प्रत्येक मोटारीच्या किमतीत सुमारे दीड हजार डॉलर केवळ औषधपाण्याचे होते. पुढच्याच वर्षी टोयोटाने नवा कारखाना कॅनडातल्या वुडस्टॉक गावी काढायचे ठरवले. त्या निर्णयामागे अनेक कारणे होती, पण कॅनडातली सार्वजनिक आरोग्यसेवा हे त्यांपैकी एक असल्याची चर्चा तेव्हाच झाली. कॅनडा हा काही स्वस्त मजुरीचा देश नाही. तिथे डॉक्टर आणि रुग्णालयाचा खर्च मुख्यतः करातून भागतो, म्हणून तो मोटारीच्या किमतीवर एवढा चढत नाही. यातून कामगाराच्या सोयी काढून घ्या, असा धडा निघत नाही. त्या सोयींचा पैसा कोणत्या वाटेने गोळा करायचा, याचा हा धडा आहे.

भारताकडे येणाऱ्या कामाचे गणित थोडे वेगळे आहे, हेही मान्य केले पाहिजे. हिंजवडीत किंवा नवी मुंबईत काम येते ते मुख्यतः पगारातल्या तफावतीमुळे. विम्याचा हप्ता हे त्यातले पूरक कारण. म्हणून उद्या अमेरिकेने सर्वांना सरकारी आरोग्यसेवा दिली, तरी सगळे काम परत जाईल असे नाही. तसेच, आपण सोयी कमी ठेवल्या की कंपन्या इथेच राहतील, याचीही खात्री नाही. याच जनरल मोटर्सचा तळेगावचा कारखाना २००८ साली सुरू झाला आणि २०२० च्या डिसेंबरात तिथले उत्पादन थांबले. तिथल्या कामगाराच्या सोयी अमेरिकी कामगाराच्या तुलनेत नगण्य खर्चाच्या होत्या. कंपनीचा भारतातला धंदा जमला नाही आणि ती गेली. पुढे तो कारखाना ह्युंदाईने घेतला. कामगारांना मात्र आपल्या हक्कांसाठी कोर्टकचेरी करावी लागली.

आता आपल्या घराकडे पाहू. भिवंडी, मालेगाव, इचलकरंजीच्या यंत्रमागांवर काम करणारे आपल्या अनेक वाचकांच्या नात्यात, शेजारात आहेत. मजुरी कापडाच्या मापावर. माग बंद तर मजुरी बंद. कर्मचारी राज्य विम्याचा कायदा साधारण दहा कामगारांपासून लागू होतो, भविष्य निर्वाह निधीचा वीसपासून. म्हणून एकाच छपराखालचे माग कागदावर दोन-तीन नावांवर दाखवायचे, ही युक्ती या धंद्यात जुनी आहे. हे कामगार जगातल्या सर्वांत स्वस्त कामगारांत मोडतात. पण त्यांच्या छातीत कापसाची धूळ जाते तेव्हा उपचार फुकट होत नाहीत. बायकोचे दागिने मोडून, व्याजाने पैसे काढून, मुलीची शाळा सोडवून ते बिल भरले जाते. २०२१-२२ च्या सरकारी हिशेबानुसार देशात आरोग्यावर होणाऱ्या दर शंभर रुपयांच्या खर्चात सुमारे ३९ रुपये लोकांच्या थेट खिशातून जातात. स्वस्त मजुरी म्हणतात तिचा एक भाग असा घरोघरी फेडला जातो.

स्त्रियांच्या बाबतीत हा प्रश्न अधिक टोकदार होतो. २०१७ साली प्रसूतीची पगारी रजा बारा आठवड्यांवरून सव्वीस आठवडे झाली. सुधारणा चांगलीच होती. पण कर्मचारी राज्य विम्याबाहेरच्या नोकऱ्यांत या रजेचा सगळा खर्च एकट्या मालकावर टाकला. परिणामी मुलाखतीत ‘लग्न कधी करणार?’ असे विचारायला मालकाला एक कारण मिळाले. आमच्या बैठकांना येणाऱ्या शिकलेल्या मुली हा प्रश्न आपल्यालाही विचारला गेल्याचे सांगतात. मोठ्या कष्टाने घरचा विरोध संपवून नोकरीच्या दारापर्यंत पोहोचलेल्या मुलीला तिथे ‘महाग’ ठरवले जाते. विम्याच्या योजनेत असलेल्या स्त्रीची रजा मात्र सामायिक निधीतून भागते. तिथे एका मालकाकडे दहा स्त्रिया असोत वा शंभर, रजेच्या पगाराचा वेगळा बोजा त्याच्यावर येत नाही. कायद्याने दिलेली सोय तीच, पण पैशाची वाट बदलली की स्त्रीकडे पाहण्याची नजर बदलते.

हा विचार आपल्याकडे नवा नाही. डॉ. बाबासाहेब आंबेडकर व्हाईसरॉयच्या मंडळात मजूर खाते सांभाळत असताना, १९४४ साली प्रा. बी. पी. आडारकर यांनी कामगारांच्या आरोग्यविम्याचा अहवाल दिला. त्यातूनच १९४८ चा कर्मचारी राज्य विमा कायदा उभा राहिला. सर्वांनी पगाराच्या प्रमाणात वर्गणी द्यायची आणि गरजेप्रमाणे उपचार घ्यायचे, हे त्याचे साधे सूत्र. राज्यघटनेचे ४१ वे कलम बेकारी, वार्धक्य आणि आजारपणात साहाय्य देण्यास शासनाला सांगते, तर ४२ वे कलम प्रसूतीच्या साहाय्याबद्दल बोलते. त्यात ‘नोकरदारांना’ असा शब्द नाही. ती तरतूद नागरिकांसाठी आहे.

कोणी म्हणेल, पैसा करातून घेतला तरी खर्च तर होणारच, मग कंपन्या करामुळे पळतील. खर्च होणार हे खरे, पण तो किती होतो हे व्यवस्थेवर अवलंबून असते. अमेरिका राष्ट्रीय उत्पन्नाचा सतरा टक्क्यांहून अधिक भाग आरोग्यावर खर्च करते, कॅनडा सुमारे बारा टक्के, आणि तरीही कॅनडात नोकरी गेली म्हणून डॉक्टर तुटत नाही. दुसरे म्हणजे, माणशी खर्च लावला की मालक माणसे कमी करतो. उलाढालीच्या प्रमाणात लावला की ती पळवाट राहत नाही. आपल्या सामाजिक सुरक्षा संहितेत ॲपवरून काम देणाऱ्या कंपन्यांनी उलाढालीच्या एक ते दोन टक्के वर्गणी द्यावी अशी तरतूद आहे. तिला मर्यादा आहेत, ती रक्कम पुरेशी आहे असेही मी म्हणणार नाही. पण दिशा योग्य आहे. तीच दिशा यंत्रमाग, विडी, बांधकाम आणि घरकाम यांकडे वळवण्याचा आग्रह आपण धरला पाहिजे.

वाचकहो, अमेरिकेतला नोकरी गमावलेला कामगार आणि इथे रात्रपाळी करणारी मुलगी यांना एकमेकांचे शत्रू ठरवणारी भाषा आपण नाकारली पाहिजे. दोघांच्याही आजाराचा खर्च कंपनीच्या वहीतून पुसला जावा, एवढीच त्या भाषेची इच्छा असते. निवडणुकीच्या काळात मोहल्ल्यात येणाऱ्या उमेदवाराला कब्रस्तानाच्या भिंतीइतक्याच आग्रहाने विचारा, की आमच्या वस्तीत विमा रुग्णालयाचा दवाखाना कधी येणार? आपल्या घरातल्या कामगाराचा विमा क्रमांक आहे का, निधीत पैसे जमा होतात का, हे या आठवड्यात तपासा. नसेल तर मालकाला विचारा, एकट्याने भीती वाटत असेल तर चौघांनी मिळून विचारा. बिल कोणाच्या हातात द्यायचे हे आपण ठरवले नाही, तर ते आपल्याच दारात येणार.