तिचा नकार कापू नका

मी सिनेमाच्या धंद्यातली नाही. पोटासाठी सबटायटल्स लिहिते आणि आठवड्यातून दोन दिवस आमच्या सल्ला केंद्रावर बसते. एका विनोदी प्रेमकथेचं काम आलं, म्हणून तिच्या टीझरच्या बैठकीला मलाही बोलावलं. टीझर म्हणजे ट्रेलरच्याही आधी दाखवायचा पंचेचाळीस सेकंदांचा तुकडा. गोष्ट सांगायची नाही, नुसती उत्सुकता चाळवायची.

फळ्यावर आखणी होती: तो बसस्टॉपवर. तो तिच्या ऑफिसखाली. तो तिच्या मैत्रिणीच्या लग्नात वाढपी बनून. दर वेळी ती "नाही" म्हणते आणि ढोलकीवर थाप पडते. चौथ्यांदा ती हसते, नाव झळकतं. खोलीत सगळे हसले. खोटं कशाला सांगू, मीही हसले.

मग आठवलं, सिनेमात तिसऱ्या नकारानंतर एक अख्खा प्रसंग आहे. ती त्याला समोर बसवून सांगते, "तुझ्यामुळे मी बस बदलली." तो खजील होतो, महिनाभर फिरकत नाही. तिचं हसू त्यानंतरचं. टीझरमध्ये मधलं सगळं गायब! "मॅडम, पंचेचाळीस सेकंदांत बसत नाही. सिनेमात आहे ना," दिग्दर्शक म्हणाले.

आहे, पण तिकीट काढणारे किती आणि मोबाईलवर फुकटात टीझर बघणारे किती? थिएटरातल्या ट्रेलरला सेन्सॉर बोर्डाचं प्रमाणपत्र तरी लागतं, यूट्यूबवरच्या टीझरला तेही नाही. सेन्सॉरची कात्री वाढवा असं मी म्हणत नाही. तिनं बायकांचं भलं केल्याचं मला तरी आठवत नाही. माझं भांडण संकलनाच्या कात्रीशी आहे.

पाठलाग हा २०१३ साली स्वतंत्र गुन्हा ठरला. १ जुलै २०२४ पासून तो भारतीय न्याय संहितेच्या ७८व्या कलमात आहे. बाईने नको असल्याचं स्पष्ट दाखवूनही पुन्हापुन्हा तिच्या मागे जाऊन संपर्क साधू पाहणं, हे त्यात येतं. आमच्या फळ्यावर दुसरं काय होतं? आणि हे नवं नाही. कायदा झाला त्याच वर्षी जूनमध्ये 'रांझणा' लागला, त्यातल्या पाठलागावर टीका झाली, आणि पाठलाग पडद्यावर चालूच राहिला.

केंद्रावर एक अकरावीतली मुलगी आली होती. एसटी स्टँडवर एक मुलगा रोज तिची वाट अडवायचा. त्याचे मित्र टाळ्या द्यायचे, त्यांच्या लेखी ती गंमत होती. घरच्यांनी तिचं कॉलेज बंद केलं आणि स्थळं बघायला घेतली. मुलाचं कॉलेज चालू आहे.

विनोदाशी वैर नाही हो. 'मुंबई-पुणे-मुंबई' (२०१०) मध्ये मुलगी पुण्याला येते तीच स्थळाला नकार द्यायला. मग दोघं दिवसभर बोलतात, भांडतात. माणसं पोटभर हसली की!

मी सुचवलं, वाढपी काढा आणि तिचं बसचं वाक्य घाला. चार सेकंद. संकलन करणारी पोरगी हळूच म्हणाली, "ताई, बसतंय." दिग्दर्शक म्हणाले, मूड जातो. कोणाचा, ते विचारायचं राहून गेलं.

हल्ली आपल्या गटांना स्क्रिप्ट वाचायला बोलावतात, श्रेयनामावलीत आभार मानतात. मैत्रिणींनो, यापुढे स्क्रिप्टबरोबर टीझरची आखणीही मागा. दाखवणार नसतील, तर आभारात आपल्या गटाचं नाव घालू देऊ नका.