दुकानात बसायला मिळते का?

आमच्या शेजारची मुलगी एका मोठ्या मॉलमध्ये कपड्यांच्या विभागात कामाला लागली. पेढे वाटून महिना झाला नाही तोच म्हणाली, "काका, पाय सुजतात. गिऱ्हाईक नसले तरी बसायचे नाही, असा नियम आहे."

हे दुखणे जुने आहे. एका छपराखाली सगळे विभाग असलेली दुकाने एकोणिसाव्या शतकात वाढली. पॅरिसचे 'बों मार्शे' १८५२ पासून आरिस्तिद बुसिको यांनी नावारूपाला आणले. वस्तूवर किंमत लिहिलेली, घासाघीस नाही, गरीब-श्रीमंतांना एकच भाव! अशा दुकानांत पुढे हजारो मुलींना पगाराची नोकरी मिळाली. पण काम दिवसभर उभ्याने! अखेर ब्रिटनमध्ये १८९९ साली कायदा करावा लागला : दुकानातील दर तीन स्त्री-कामगारांमागे निदान एक आसन.

आणि गिऱ्हाईक? अमेरिकेत अटलांटाच्या 'रिचेस' दुकानात काळ्या माणसाचा पैसा चालत असे, पण तिथल्या उपाहारगृहात गोऱ्यांच्या बरोबरीने बसणे चालत नसे. १९ ऑक्टोबर १९६० रोजी काळे विद्यार्थी तिथे गेले. मार्टिन ल्यूथर किंग त्यांच्याबरोबर होते. अटक झाली. लोकांनी खरेदीवर बहिष्कार घातला. १९६१ साली दुकानदारांना ही बंदी उठवावी लागली. भाव एक झाला म्हणून मान एक होत नाही, तो मागावा लागतो.

आता दुकानांचे रूप पालटले आहे. 'रिचेस' हे नावही २००५ साली पुसले गेले. माल फोनवरून घरी येतो. पण काउंटरमागे माणूस उभाच आहे. कोझिकोडच्या दुकानांतील स्त्रिया वर्षानुवर्षे लढल्या, तेव्हा केरळने २०१८ साली बसण्याचा हक्क कायद्यात घातला. २०२१ साली तामिळनाडूनेही तसाच कायदा केला.

म्हणून आपण दोन गोष्टी कराव्यात. खरेदीला गेल्यावर एखादी मुलगी क्षणभर टेकलेली दिसली, तर कपाळाला आठी घालू नये. आणि ज्यांच्या लेकी अशा नोकरीत आहेत त्यांनी मुकाट सोसू नये. शेजारच्या मुलीला मी सांगितले, "एकटीने बोलू नकोस. दहाजणी सह्या करा. अर्ज मी लिहून देतो."

परवा ती सात सह्या घेऊन आली. तीन बाकी आहेत.