चिल्ल्यानंतर काय?

गेल्या रमजानची गोष्ट. दिग्रसला आमच्या घरी मोहल्ल्यातल्या बायका तरावीहला जमतात. माझी आपा मात्र दरवेळी चार रकातींनंतर उठून स्वयंपाकघरात जायची. कधी चहाचं निमित्त, कधी धाकट्याच्या रडण्याचं. मला वाटायचं, आपा कंटाळा करते. एकदा मी तसं बोलूनही दाखवलं, आणि ते आठवलं की आजही लाज वाटते. त्या रात्री भांडी आवरताना ती म्हणाली, "सजद्यातून उठताना लघवीचा थेंब सुटतो. वुजू किती वेळा करू?"

आपा एकतीस वर्षांची आहे. तिसऱ्या बाळंतपणापासून, म्हणजे पाच वर्षं, हे चाललं होतं. खोकला आला, शिंक आली, पाण्याची गुंडी उचलली की कपडे बदलायचे. लग्नाला जायचं तर आधी पाणी पिणं बंद. तिने एका दवाखान्यात सांगितलं होतं. उत्तर मिळालं, "मुलं झाल्यावर असं होतंच." घरच्या मोठ्या बायकांचंही तेच, "बच्चे हुए तो होताच है."

होतं हे खरं आहे. पण ते तसंच राहू द्यावं लागतं, हे खरं नाही.

ओटीपोटाच्या तळाशी, पुढच्या हाडापासून मागच्या माकडहाडापर्यंत, झोळीसारखे पसरलेले स्नायू असतात. मूत्राशय, गर्भाशय आणि गुदाशय यांना तेच खालून आधार देतात. नऊ महिने त्यांच्यावर वाढता भार असतो आणि बाळंतपणात ते ताणले जातात, कधी फाटतात. सिझेरियन झालेल्या बाईलाही हा त्रास होऊ शकतो, कारण नऊ महिन्यांचं ओझं तिनेही वाहिलेलं असतं. हे स्नायू सैल पडले की लघवी सुटते, काहींचं अंग बाहेर येतं. पोटाच्या मधोमध दोन्ही बाजूंचे स्नायू एकमेकांपासून लांब गेलेले असले, तर कंबरही धरू शकते. अमेरिकेतले डॉक्टर अर्नोल्ड केगेल यांनी १९४८ साली लिहून ठेवलं की हे स्नायू व्यायामाने पुन्हा बळकट होतात. त्याला पाऊण शतक उलटलं.

व्यायाम दिसायला अगदी साधा आहे. लघवी आणि वारा दोन्ही एकदम रोखून धरल्यासारखे ते स्नायू आत-वर ओढायचे, काही सेकंद धरायचे, पूर्ण सोडायचे. श्वास चालू ठेवायचा. असं आठ वेळा, दिवसातून तीनदा, निदान तीन महिने. ब्रिटनच्या आरोग्य यंत्रणेत लघवी सुटण्यावर हाच पहिला उपचार आहे, गोळी किंवा शस्त्रक्रिया त्यानंतर. पण तो जाणत्या माणसाच्या देखरेखीखाली करायचा असतो, कारण पुष्कळ बायका आत ओढण्याऐवजी खाली जोर देतात आणि त्रास वाढवून घेतात. आपा यूट्यूबवर बघून दोन महिने नेमकं तेच करत होती.

तिला घेऊन मी यवतमाळला बस बदलून वर्ध्याला गेले. आधी दुल्हेभाईंना समजवावं लागलं. त्यांच्या लेखी फिजिओथेरपी म्हणजे लकवा झालेल्यांना आणि गुडघे दुखणाऱ्यांना मशीनचा शेक. त्यांचा दोष नाही. फिजिओथेरपीच्या पदवीत गरोदर व बाळंत बाईचे व्यायामही शिकवले जातात, हे आपल्यापैकी किती जणांना माहीत आहे? वर्ध्याच्या बाईंनी आपाला पहिल्यांदाच नीट विचारलं: कधी सुटते, किती, किती वेळा उठता, वजन काय उचलता. चार महिन्यांनी आपा खोकताना घाबरत नाही. त्रास पूर्ण गेलेला नाही, पण पिशवीत जास्तीची सलवार घेऊन फिरणं थांबलं.

नीट विचारणं हीच मोठी अडचण आहे. १९८९ साली डॉ. राणी बंग आणि डॉ. अभय बंग यांचा गडचिरोली जिल्ह्यातल्या दोन गावांचा अभ्यास 'लॅन्सेट'मध्ये आला. ६५० बायका तपासल्या, त्यांतल्या ९२ टक्क्यांना काही ना काही स्त्रीरोग असल्याचं आढळलं. त्याआधी अशी तपासणी झालेल्या बायका फक्त ८ टक्के. आपल्याच विदर्भातली ही गोष्ट.

आपल्याकडे चिल्ला चाळीस दिवसांचा. त्या चाळीस दिवसांत बाळंतिणीला हरीरा, डिंकाचे लाडू, मालिश, शेक सगळं मिळतं. मी या रिवाजाची थट्टा करणार नाही, थकलेल्या शरीराला एवढी सक्तीची विश्रांती एरवी कोण देतं? सरकारचा हिशेबही जवळपास तेवढाच. दवाखान्यात बाळंतपण झालं तर आशाताई ३, ७, १४, २१, २८ आणि ४२ व्या दिवशी घरी येतात, मुख्यतः बाळासाठी. चाळिसाव्या दिवशी चिल्ला सुटतो, बेचाळिसाव्या दिवशी आशाताईंच्या या भेटी संपतात. दुसऱ्या दिवशी बाई पाण्याच्या हंड्यापाशी, नाहीतर कमरेला ओटी बांधून कापूस वेचायला. खरं तर व्यायाम वाढवायची वेळ तिथून सुरू होते, आणि तिथेच तिच्याकडे बघणारं कोणी उरत नाही.

आपल्या घरांत या गप्प राहण्याला आणखी एक पदर आहे. लघवी थांबतच नाही अशा व्यक्तीला फिकहमध्ये 'माजूर' म्हणून सवलत आहे. पण फक्त वाकल्यावर, खोकल्यावर थेंब सुटतो, तिला ती लागू होतेच असं नाही. मग ती पुन्हा वुजू करते, पुन्हा कपडे बदलते, आणि एक दिवस नमाज सोडून देते. घरचे तिला आळशी म्हणतात, जसं मी म्हटलं. 'नमाज हाच सर्वोत्तम व्यायाम, वेगळ्या व्यायामाची गरज नाही' असे संदेश व्हॉट्सअपवर फिरतात, त्यांनी या बाईचा काहीच फायदा होत नाही. नमाज इबादत आहे. तिला उपचाराच्या जागी बसवू नका.

गरोदरपणातही तेच. 'हलू नको' हा सल्ला सरसकट दिला जातो. जागतिक आरोग्य संघटनेने २०२० मध्ये सांगितलं की डॉक्टरांनी मनाई केलेली नसेल, तर गरोदर आणि बाळंत बाईने आठवड्याला निदान १५० मिनिटं मध्यम हालचाल करावी. भरभर चालणंही त्यात आलं. रक्तस्राव होत असेल, रक्तदाब वाढलेला असेल, तर आधी डॉक्टरांना विचारायचं.

यवतमाळला वसंतराव नाईक शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे. पुसद, दारव्हा आणि पांढरकवड्याला उपजिल्हा रुग्णालयं आहेत. पण उमरखेडच्या बाईला यवतमाळ शंभर किलोमीटरहून लांब पडतं, आणि कडेवर मूल घेऊन ती दर पंधरा दिवसांनी येणार नाही. म्हणून आमची मागणी लहान आहे. दर महिन्याच्या ९ तारखेला सुरक्षित मातृत्व अभियानाची तपासणी असते. त्या दिवशी तिथे फिजिओथेरपिस्ट बसावी, आणि बाळंत झालेल्या बायकांनाही त्याच दिवशी बोलवावं. आशाताईंच्या ४२ व्या दिवसाच्या भेटीत एक प्रश्न वाढवावा: खोकताना लघवी सुटते का? यासाठी नवी इमारत लागत नाही. निवेदनाचा मसुदा तयार आहे, तालुक्यातून सह्या गोळा करणारे हात हवे आहेत.

मुलग्यांनो, हे वाचून 'बायकांचा विषय' म्हणून पुढे जाऊ नका. बसचं तिकीट बहुतेक घरांत तुमच्याच खिशातून निघतं. अम्मीला, भाभीला थेट विचारणं जड जात असेल तर हा लेख बहिणीच्या फोनवर पाठवा.

आणि फिजिओथेरपी शिकणाऱ्या मुलींनो, तुमच्यापैकी काही जणी हे वाचता, मला माहीत आहे. व्यायाम समजावणारे पाच-पाच मिनिटांचे ऑडिओ आम्हाला मराठीत आणि आपल्या घरच्या बोलीत करायचे आहेत. मजकूर तुम्ही तपासून द्या. आवाज द्यायला आपा तयार झाली आहे. नाव मात्र नको म्हणाली.